हवालदाराचं पथ्य

पोलादपूर,
१२ जानेवारी १९८२

आबांस,
सविनय जयभीम.

हे पत्र मुलीचं नाही. मुलीने घरी यायचं नाही, असं आपल्यात मे महिन्यात ठरलं. ठरलं म्हणजे तुम्ही सांगितलंत आणि मी एसटीत बसले. तेव्हा हे पत्र पोलादपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरचं आहे असं समजा, आणि ते तुमच्या कुत्र्याबद्दल आहे.

कुत्रा तुमचा नाही, असं तुम्ही म्हणालच. सावित्रीच्या पुरात वाहत आला, आपल्या ओट्यावर चढला आणि गेला नाही, एवढंच. बरं. जो तुमच्या खुर्चीखाली झोपतो, तुमच्या बशीतला पाव खातो आणि तुम्ही विहारातून परत येईपर्यंत दार अडवून बसतो म्हणून सगळी वस्ती ज्याला हवालदार म्हणते, त्या कुणाच्याच नसलेल्या कुत्र्याबद्दल लिहिते आहे.

आज इथला बाजार. आपल्या शेजारची चंपाबाई महाडाहून सुकी मासळी घेऊन आली होती. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "तुझ्या आयशीनं सांगितलाय गो, हवालदार अंगणभर ढुंगण घासत फिरतो. आबा बोलतात जंत झालेत. काल शेपटीखाली रॉकेल लावलानी त्याच्या. कुत्रा बोंबलत पळाला तो थेट नदीवर जाऊन पाण्यात बसला."

आबा, रॉकेल स्टोव्हमध्ये घालायचं असतं.

आता पुढचं वाचताना तुम्ही चष्मा काढून पत्र खाली ठेवाल. ठेवू नका. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी, कातडीच्या आत वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. त्यांत उग्र वासाचं पाणी साठतं. कुत्रे एकमेकांना मागून हुंगतात ते ह्या वासासाठी. शौचाला घट्ट झालं की जाता जाता पिशव्यांवर दाब पडतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. रोज पातळ झालं तर दाब पडत नाही, पाणी आत घट्ट होतं, ठणका लागतो, आणि बिचारं जनावर जमिनीला घासून स्वतःच मोकळं व्हायला बघतं. त्यात कसली खोड नाही की अपशकुन नाही. जंतांनीही घासतात, पण जंतांना असा कुजक्या मासळीसारखा वास येत नाही, आणि तो येतो असं आईने कळवलंय.

पातळ का होतं? तुम्ही त्याला सकाळी दुधात पाव देता, चहाबरोबर खारी देता, आणि रविवारी मटणावरचा तवंग घातलेला भात. हे मला चंपाबाईने सांगितलेलं नाही. मी त्या घरात वाढले आहे.

दूध, पाव, खारी, तवंग सगळं बंद करा. नाचणीची भाकरी कुस्करून द्या, तिच्यात उकडलेला लाल भोपळा आणि मूठभर कोंडा घाला. मटण द्यायचं तर चरबी काढून द्या. त्याला रोज नदीपर्यंत चालवा, फार सुटला आहे तो. मिठाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून सकाळ-संध्याकाळ शेक द्या. आणि पिशव्या एकदा दाबून रिकाम्या करायला त्याला डॉक्टरकडे न्या. महाडात दवाखाना आहे. पण तुम्ही तिथे जाणार नाही, मला ठाऊक आहे. तिथले डॉक्टर नाव विचारतील आणि म्हणतील, "तांबे? म्हणजे पोलादपूरच्या डॉ. ललिता तांबेंचे वडील का?" आणि ते उत्तर बाकड्यावर बसलेले चार जण ऐकतील.

डॉ. ललिता गोमाजी तांबे


पोलादपूर,
२० जानेवारी १९८२

आबांस,
सविनय जयभीम.

तुमचं उत्तर पोचलं. तुम्ही आईला सांगितलंत, आईने चंपाबाईला सांगितलं आणि चंपाबाईने मला, बोंबलाच्या टोपलीवर हात ठेवून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "आबा बोलतात, आमच्या बापानं मेलेली गुरं वढली, मी ती सोडली नि कचेरीत खुर्चीवर बसलो, नि माझी पोर शिकून परत गुरांच्या शेपटीखाली गेली."

हे तुम्ही मला तोंडावर कधी बोलला नव्हतात. मे महिन्यात नुसतं "अलिबागला ऑफिसात टेबलाची जागा मिळव, मग घरी ये" एवढंच म्हणालात. बरं झालं बोललात. आता मला उत्तर देता येतं.

तुमचे वडील मेलेली गुरं ओढत होते, कारण त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जायचं, आणि त्याबद्दल कुणी उंबऱ्यातही घ्यायचं नाही. तुम्ही ते सोडलंत म्हणून मी तुमचा मान ठेवते. तुम्ही ठेवून घ्यायला तयार नसलात तरी ठेवते. पण मी जिवंत जनावराला हात लावते, आबा. सरकारने नेमलेली बाई म्हणून लावते, आणि मला नाही म्हणता येतं. म्हटलेलंही आहे.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. घाटाखालच्या एका वाडीतल्या बागायतदाराने गडी पाठवला, कुत्र्याला बघायला घरी या म्हणून. मोठं विलायती जातीचं कुत्रं. हेच दुखणं, हवालदाराचं. मी बसले, दोन्ही पिशव्या दाबून रिकाम्या केल्या. वासाने घरातली सगळी माणसं अंगणापलीकडे जाऊन उभी राहिली. मग हात धुतले आणि पाणी मागितलं. आतून बाई आली, तांब्या उंच धरून म्हणाली, "ओंजळ करा." तिच्यामागे स्वयंपाकघरात मला दिसत होतं, तेच कुत्रं पितळी वाडग्यातून पाणी पीत होतं.

मी ओंजळ केली नाही. बॅग बंद केली आणि मालकाला म्हटलं, "ती जागा पुन्हा बघावी लागेल. पण मी इथे येणार नाही. कुत्रं दवाखान्यात घेऊन या आणि ओळीत बसा." मालक म्हणाला, "आम्ही ओळीत?" मी म्हटलं, "कुत्र्याला बरं वाटायला हवं असेल तर." पुढच्या आठवड्यात आला. दवाखान्यात मलमपट्टी करणारा आमचा जानू ड्रेसर जुना माणूस आहे, कुणाला भीत नाही. त्याने त्याला एका शेळीच्या आणि वासराच्या मधे बसवलं. दुपारपर्यंत बसला.

तुम्ही मला लहानपणी तळ्यावर नेऊन सांगायचात, इथे कुत्र्याने पाणी प्यायलेलं चालत होतं आणि आपण प्यायलेलं चालत नव्हतं. ते मी विसरलेले नाही. पण तेव्हासुद्धा मला वाटायचं, ह्यात कुत्र्याचा काय दोष? त्याला तहान लागली, तो प्याला. राग त्याच्यावर काढून कसं चालेल?

शेपटीखाली गेले म्हणता. गेले. शेपटीच्या वरच्या बाजूला दुखणं नव्हतं म्हणून गेले.

हवालदाराचा पाव बंद केलात का? आई म्हणते, नाही.

ललिता तांबे


पोलादपूर,
२ फेब्रुवारी १९८२

आबांस,
सविनय जयभीम.

आज दोन बातम्या आल्या. एक, तुम्ही माझं पत्र आतल्या खोलीत दार लावून वाचता. ह्याबद्दल मी काही बोलत नाही. दुसरी, वस्तीच्या मंडळाने ठरवलंय की ह्या वर्षीच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात वस्तीच्या पहिल्या डॉक्टरीणबाईंच्या हस्ते मोफत आरोग्य तपासणी करायची. लहान मुलं आणि म्हातारी माणसं. मंडळाचा सेक्रेटरी श्रीपत तुमच्याकडे दोनदा येऊन गेला, आणि तुम्ही त्याला, "बघतो, तिला रजा मिळते का," असं सांगितलंत.

आबा! आता काय करायचं?

हसू येतंय मला आणि रडूही येतंय, खरं सांगते. परळला मी शिकत होते तेव्हा लोक विचारायचे, "पोरगी काय करते?" तुम्ही सांगायचात, "परळला आहे, डॉक्टरकीला." परळ म्हटलं की लोकांना माणसांचं मोठं इस्पितळ आठवतं. जनावरांचंही परळलाच आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा म्हणालात, "पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात आहे." कोणत्या, ते कुणी विचारलं नाही, आणि तुम्ही थांबवलं नाहीत. सबंध नोकरीत एक खोटी सही न केलेला माणूस, आणि माझ्या बाबतीत मात्र लोकांना भलतं समजू दिलंत.

मे महिन्यात रंगूबाई तापलेलं नातवंड घेऊन आली तेव्हा ते माझ्या अंगावर आलं. तिने पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बघ गो बाय, तुझ्या हाताला यश हाय." मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, "तिने औषधं आणलेली नाहीत. मोठ्या दवाखान्यात न्या." आणि संध्याकाळी मला सांगितलंत की आता येऊ नकोस, लोक तपासायला घेऊन येतात.

मी का येऊ नये, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला माझी लाज वाटते. बोलून टाकते एकदा. मी घाणीत हात घालते म्हणून नाही. तुम्ही रोज ओट्यावर बसून ज्यांना सांगत आलात की आपण आता गुरांचं काही करत नाही, त्या लोकांसमोर तुमची मुलगी गाईच्या मागे उभी आहे, ह्याची लाज.

मला ती वाटत नाही. पाच वर्षं मी त्या कॉलेजात काढली. वर्गात बाया दोनच होतो, आणि आपल्या वस्तीतली मी एकटी. माणसांच्या डॉक्टरकीला मला गुण कमी पडले असं तुम्ही आईला सांगितलं आहे. गुण कमी पडले नव्हते. मी तो अर्जच भरला नव्हता. मला हेच करायचं होतं. आपल्या गोठ्यातली म्हैस अडली तेव्हा सगळे नुसते बघत बसले होते आणि ती सकाळी मेली, तेव्हापासून करायचं होतं.

मंडळाला सांगा, डॉक्टरीणबाई येतील. पण टेबल मांडू नका, अंगणात एक खुंट ठोका. शेळ्या, कोंबड्या, म्हशी, कुत्री, ज्याच्याकडे जे असेल ते आणा. मोफत तपासते.

नसेल सांगवत तर श्रीपतला माझा पत्ता द्या. मी सांगते.

हवालदार आता एका बाजूलाच चाटतो आहे म्हणे. हे मला बरं दिसत नाही. शेपटी उचलून बघा. चारच्या किंवा आठच्या जागेला लाल फुगवटा दिसला तर पोस्टाची वाट बघू नका, कुणाच्या तरी हाती निरोप पाठवा.

ललिता


पोलादपूर,
१३ फेब्रुवारी १९८२, शनिवार

आबा,

हे चंपाबाईच्याच हाती देते आहे. ती आज बाजार नसताना, टोपली न घेता आली, तेव्हाच मी समजले.

ती म्हणाली, "लिंबाएवढा सुजलाय गो. बसत नाय, जेवत नाय. आबांच्या खुर्चीखाली उभाच हाय कालपास्नं. तुझी आयस बोलली, उद्या दुपारी आबा आडवे झाले की मागच्या गल्लीनं ये. न्हाणीच्या मागं करून टाक. पांढरा कोट घालू नको, कुणाला दिसला नाय पाह्यजे. उद्या सकाळी मंडळाची माणसा घरात यायची हाईत."

आईला वाईट वाटू देऊ नका, ती बिचारी दोन्हीकडून ओढली जाते. पण उत्तर तुम्हाला लिहिते, कारण ही मागची गल्ली तुमची आहे.

मी मागच्या गल्लीने येणार नाही. मागच्या गल्लीने माझे आजोबा जायचे, लोकांच्या घरी. तुम्हीच सांगितलं आहे मला. मी स्वतःच्या बापाच्या घरी तशी येऊ?

उद्या पहिल्या गाडीने येते. पुढच्या दाराने. पांढरा कोट घालून आणि औषधांची पेटी हातात घेऊन. दुपारी नाही, सकाळीच, कारण गळू दुपारपर्यंत थांबत नाही. अंगणात उजेडात करीन, न्हाणीमागे मला दिसत नाही. मंडळाची माणसं असली तर असू देत. आईला पाणी उकळून ठेवायला सांगा आणि एखाद्या जुन्या लुगड्याची चिंधी.

तुम्ही घरात नसलात तरी चालेल. कुत्र्याला तुम्ही असण्याची गरज आहे, पण ते तुमचं तुम्ही बघा.

ललिता


पोलादपूर,
१५ फेब्रुवारी १९८२

आबांस,
सविनय जयभीम.

काल तुम्ही मला गल्लीच्या तोंडाशी बघितलंत, खुर्चीतून उठलात आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावलीत. त्यामुळे अंगणात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

श्रीपत आणि मंडळाची माणसं सतरंजीवर बसली होती. मला बघून उठली. श्रीपत म्हणाला, "या ताई, चंपाबाई म्हणाली तुम्ही येणार, तुमचीच वाट बघत होतो." रंगूबाई नातवाला घेऊन ओट्याच्या पायरीवर बसलेली. त्याला खोकला आहे. मी सगळ्यांना जयभीम केला आणि म्हटलं, "आधी माझा पेशंट." लोक इकडे तिकडे बघायला लागले. मी खुर्चीखालून हवालदाराला काढलं.

आबा, तो गुरगुरलासुद्धा नाही. मला त्याची फार दया आली. चिंधीने त्याचं तोंड बांधलं, कारण दुखलं की चावतातच, त्यात त्यांचा वाईटपणा नसतो. डोकं धरायला माणूस पाहिजे होतं. मी तुमच्या दाराकडे बघून म्हटलं, "कुणीतरी डोकं धरा." मोठ्याने म्हटलं. तुम्हाला ऐकू गेलं असणार. दार उघडलं नाही. आई पुढे आली, पदर खोचून खाली बसली आणि त्याचं डोकं तिने मांडीत घट्ट धरलं. आईला मी असं कधी बघितलं नव्हतं.

केस कापले, जागा धुतली. उजवीकडची पिशवी पिकून वर आली होती. चीर दिली. जे बाहेर आलं त्याच्या वासाने सतरंजी रिकामी झाली. मंडळाचे दोघे सरळ गटारावर जाऊन उभे राहिले. आतून धुऊन काढली, औषध भरलं. मग हातमोजा घालून डावीकडची दाबून मोकळी केली, पेनिसिलिन टोचलं. हवालदाराने एकदाच आरडून सगळं अंग सोडलं, आणि सोडल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा खाली बसला. बसला! तेवढं तरी तुम्ही बघायला हवं होतं.

रंगूबाई नाकाला पदर लावून सगळा वेळ तिथेच होती. ती म्हणाली, "आगो बाय, म्हंजे तू गुरांची डॉक्टरीण?"

मी म्हटलं, "हो मावशी. पहिल्यापासून."

"नि आमचे आबा तं बोलायचे..."

"आबा काय बोलायचे ते आबांना विचारा. खोकल्यासाठी पोराला मोठ्या दवाखान्यात न्या, उद्याच. मी माणसांना औषध देत नाही."

श्रीपतचा चेहरा असा झाला होता की मलाच वाईट वाटलं. त्याने माझ्या नावाचा कागदी फलक रंगवून घेतला होता. मी हात धुतले. आईने चहा ठेवला होता, पण मी तो घेतला नाही. तुम्ही कडीच्या आत आणि मी अंगणात चहा पितेय, असलं मला जमणार नाही.

ही झाली हकिगत. आता पुढचं.

जखम उघडीच ठेवायची आहे, आतून भरत आली पाहिजे. रोज दोन वेळा मिठाच्या पाण्याचा शेक. गोळ्या आईकडे दिल्या आहेत, भाकरीच्या घासात घालून द्या. आणि पथ्य! पाव-दूध सुरू राहिलं तर दुसरी बाजूही अशीच पिकेल, आणि मग पिशव्या कापून काढायला परळला न्यावं लागेल. हे भीती घालायला लिहीत नाही, असंच होतं. उलट पथ्य नीट सांभाळलंत तर सारखं सारखं दाबायचीही गरज पडत नाही. उगाच दाबूही नये.

मार्चच्या सुरुवातीला जखम पुन्हा बघायला हवी. मी महाडला येणार नाही. त्याला घेऊन आई येणार नाही आणि चंपाबाईही येणार नाही, मी दोघींनाही बजावलं आहे. तुम्ही आणायचं. बागायतदाराला जी अट घातली तीच तुम्हाला घालते, त्यात मला आनंद नाही. पण त्याने मला ओंजळ करायला लावली आणि तुम्ही मागची गल्ली दाखवलीत. मला दोन्ही सारखीच लागली, आबा.

आला नाहीत तर महाडच्या डॉक्टरांना चिठ्ठी देईन, कुत्र्याचे हाल होऊ देणार नाही. पण मग मी त्या घरी कधी येणार नाही. अलिबागला जाणार नाही, टेबल मागणार नाही. इथेच राहीन आणि हेच करीन.

तुमचीच,
ललिता


पोलादपूर,
४ मार्च १९८२

आबा,
जयभीम.

आज दवाखान्यात आपण चार शब्दांपलीकडे बोललो नाही. मागे ओळ होती, तुम्हाला गाडी गाठायची होती. म्हणून लिहिते.

तुम्ही आलात ते मी खिडकीतून पाहिलं. एका हातात हवालदाराची दोरी, दुसऱ्या हातात छत्री, ऊन असताना. मागे रंगूबाई, तिची शेळी ओढत. शेळीची कास सुजली आहे हे मला तिथूनच दिसलं. तिला इथवर कुणी आणलं असेल, ह्याचा विचार मी काम करता करता बराच वेळ करत होते.

जानूला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने तुम्हाला बाकड्यावर बसवलं, वरच्या वाडीतल्या चांगूच्या शेजारी. चांगूचा बैल लंगडत होता. दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. चांगू तुम्हाला म्हणाला, "डॉक्टरीण कशी हाय वो? बाय माणूस, बैलाला धरंल का?"

तुमची छत्री फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी बैलाचा कागद हातात धरून तशीच उभी होते. मला वाटलं, आताही गप्प राहतील.

मग तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी आहे. धरेल."

रंगूबाईने पुस्ती जोडली, "गेल्या महिन्यात आमच्यासमोर कुत्रा फाडलान नि जिता केलान! आबांनीच मला बोलवून सांगितला, शेळी घेऊन चल म्हणून."

चांगू म्हणाला, "मग तुमी लायनीत कशाला बसलाव? जावा की आत."

आणि तुम्ही म्हणालात, "तुमच्या बैलाचा नंबर आधी आहे."

मी बैल बघितला. त्याच्या खुरात काटा होता. तो मी कसा काढला ते मला आठवत नाही, पण निघाला, चांगू खूश होऊन गेला. शेळीला औषध दिलं. मग तुम्ही आत आलात.

जखम छान भरली आहे. दुसरी बाजू मऊ आहे, भरलेली नाही. वजनही उतरलंय. तुम्ही न सांगता त्याचं डोकं धरलंत. मी काम करताना तुमच्याकडे बघितलं नाही. कोट घातला की मी कुणाकडे बघत नाही. पण तुमचे हात दिसत होते. मी लहान असताना मला टोचायचे तेव्हा तुम्ही माझं डोकं असंच धरायचात, आणि स्वतः भिंतीकडे बघायचात. आजही भिंतीकडेच बघत असाल.

मी विचारलं, "पाव?"

तुम्ही म्हणालात, "बंद केला."

"खारी?"

"...अर्धी."

"अर्धीही नाही."

"बरं."

आपलं बोलणं एवढंच. नऊ-दहा महिन्यांनी बापलेक भेटले आणि खारीवर बोलले, असं कुणी सांगितलं तर हसतील लोक. हसू देत. मी आभार मानणार नाही. तुम्ही जे केलंत ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं, आणि ते मी विसरायला तयार नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहून ठेवते. पण आज रंगूबाईसमोर आणि त्या अनोळखी माणसासमोर तुम्ही जे बोललात, ते मी ऐकलं. तेही मी विसरणार नाही.

मंडळाला कळवा, मी येते. खुंट ठोकून ठेवा.

आणखी एक. जाताना तुम्ही फाटकाशी थांबून जानूला हळूच विचारलंत, "बाई जेवल्या का?" जानूने तुम्हाला "हो" सांगितलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. जेवले नव्हते. पुढच्या वेळी मला विचारा.

ललिता